कराराच्या कागदावरची कोरी ओळ

वाचकांचे प्रश्न : कायदा आणि कलाव्यवसाय

दोन महिन्यांपूर्वी या सदरात गाणी, मालिका, ऑर्केस्ट्रा आणि जाहिराती यांच्या करारांविषयी प्रश्न मागवले, तेव्हा सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून इतकी पत्रे येतील असे संपादकांना वाटले नव्हते. मला आश्चर्य वाटले नाही. माझ्याकडे येणाऱ्या कलावंतांच्या हातात बहुतेक वेळा सही झालेला कागद असतो. सही व्हायची बाकी आहे असा कागद घेऊन वर्षाकाठी एखाददुसराच येतो. आलेल्या पत्रांतली काही निवडून उत्तरे देत आहे. नावे अर्थातच गाळली आहेत.

प्रश्न : मी यंत्रमाग कारखान्यात हिशेबनीस आहे आणि भक्तिगीते लिहितो. मार्च 2019 मध्ये एका संगीत कंपनीने माझे एक गीत घेतले. शब्द माझे आहेत. चाल आमच्या भजनी मंडळात पूर्वीपासून म्हटली जाते, ती मी थोडी फिरवून दिली. मला 11,000 रुपये मिळाले आणि एका छापील पत्रावर माझी सही घेतली गेली. गाणे यूट्यूबवर आजही चालते, त्याची कॉलर ट्यूनही झाली. विचारणा केली की “सर्व हक्क तुम्ही दिलेले आहेत” एवढेच उत्तर मिळते. पत्राचे छायाचित्र सोबत जोडले आहे. मला आता काही मागता येईल का? (अक्कलकोट रोड, सोलापूर)

उत्तर : तुमचे छायाचित्र मोठे करून दोनदा वाचले. पत्रात तीनच वाक्ये आहेत. खाली “मुदत : ........ वर्षे” आणि “क्षेत्र : ........” अशा दोन ओळी छापलेल्या असून दोन्ही कोऱ्या राहिल्या आहेत, आणि कंपनीचा जांभळा शिक्का दुसऱ्या ओळीवर अर्धवट चढला आहे. ज्याने घाईघाईत हा कागद पुढे केला, त्याने नकळत तुमच्यावर उपकार केले आहेत.

कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 19 प्रमाणे हक्कांचे हस्तांतरण लेखी असावे लागते, त्यावर हक्क देणाऱ्याची सही असावी लागते, आणि कोणती कृती, कोणते हक्क, किती मुदतीसाठी, कोणत्या प्रदेशासाठी व किती मोबदल्यात दिले हे त्यात नमूद असावे लागते. मुदत लिहिलेली नसेल तर ती हस्तांतरणाच्या तारखेपासून 5 वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर हस्तांतरण भारतापुरते मानले जाते. म्हणजे तुमच्या पत्राने दिलेले हक्क मार्च 2024 मध्ये संपले, आणि परदेशातल्या वापराचे हक्क तर कंपनीकडे कधी गेलेच नव्हते, असे म्हणायला तुम्हाला भक्कम आधार आहे. “सर्व हक्क” या शब्दांत सर्व प्रकारचे हक्क येतात, सर्व काळ येत नाही. “कायमस्वरूपी” हा एक शब्द जर त्या पत्रात असता तर मी हे उत्तर असे लिहिले नसते. आपल्याकडे कोऱ्या जागेची भीती बाळगायला शिकवतात आणि ते योग्यच आहे, पण या कायद्यात रिकाम्या जागा पुष्कळदा लेखकाच्या बाजूने भरल्या जातात. आपण वाचल्याशिवाय सही केलेल्या भरलेल्या जागा मात्र कोणी आपल्या बाजूने भरून देत नाही.

दुसरा मुद्दा रॉयल्टीचा. 21 जून 2012 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांचा एक हक्क असा बांधून ठेवला आहे की तो सही करूनही सोडता येत नाही. चित्रपटाबाहेरच्या ध्वनिमुद्रणात वापरलेल्या शब्दांच्या आणि संगीताच्या उपयोगातून जी रॉयल्टी येते, तिच्यात मूळ लेखकाला हक्क घेणाऱ्याच्या बरोबरीने वाटा आहे. हा वाटा फक्त कायदेशीर वारसांना किंवा वसुलीसाठी कॉपीराइट सोसायटीला देता येतो, आणि याविरुद्ध केलेला करार त्या मर्यादेत शून्य ठरतो. चित्रपटातल्या गीतांनाही हीच तरतूद आहे. तिथे चित्रपटगृहात चित्रपट दाखवण्याचा उपयोग तेवढा वगळला आहे. तेव्हा “एकरकमी दिले, विषय संपला” हे कंपनीचे उत्तर पहिल्या 5 वर्षांपुरतेही पूर्ण खरे नाही. अशी रॉयल्टी गोळा करून वाटण्याचे काम इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही 1969 पासूनची संस्था करते, आणि गीतकार म्हणून तिचे सभासदत्व घेणे हे तुमचे पहिले काम आहे.

चालीविषयी तुम्ही जे प्रामाणिकपणे लिहिले आहे, ते नोटिशीतही तसेच लिहावे. परंपरेने चालत आलेली चाल कोणाच्याच मालकीची नसते. तुमची आहे ती त्यात तुम्ही घातलेली नवी भर, आणि ती किती आहे हे सिद्ध करणे अवघड जाते. शब्दांवर ठाम उभे राहा, चालीवर जपून. गायकाचा आवाज आणि ध्वनिमुद्रण यांवरचे हक्क वेगळे आहेत व ते तुमचे नाहीत, हेही ध्यानात ठेवा.

आता क्रम सांगतो, कारण इथे क्रम चुकला तर हातचा पुरावा जातो. आपल्या प्रतीवर काहीही लिहू नका. मूळ छायाचित्र फोनमधून पुसू नका, ते स्वतःलाच ईमेल करून ठेवा, म्हणजे आजच्या तारखेला त्या दोन ओळी कोऱ्या होत्या हे दाखवता येईल. कंपनीकडच्या प्रतीत उद्या “99 वर्षे” उगवले, तर हाच ईमेल कामाला येतो. त्यानंतर स्पीड पोस्टने कंपनीकडे तिच्या प्रतीची नक्कल मागवा, आणि ती हाती आल्यावरच वकिलामार्फत हिशेबाची व रॉयल्टीची नोटीस द्या. पैशाच्या मागणीला मुदतीच्या कायद्याप्रमाणे सर्वसाधारणपणे 3 वर्षे असतात, म्हणून हे काम पुढच्या दिवाळीवर ढकलू नका.

नोटीस देताना गाणे यूट्यूबवरून उतरवण्याची धमकी पहिल्याच पत्रात देऊ नये, असे माझे मत आहे. उतरवलेल्या गाण्याची रॉयल्टी कोणालाच मिळत नाही, आणि इतक्या वर्षांत त्याला जमलेले श्रोते पुन्हा जमत नाहीत. चालते गाणे ही तुमची वाटाघाटीतली खरी ताकद आहे. मागील हिशेब, दर 6 महिन्यांनी उत्पन्नाचे विवरण, गाण्याखाली गीतकार म्हणून नाव, आणि यापुढे 3 किंवा 5 वर्षांचा मुदतबंद परवाना एवढे मागा. नावाची मागणी लहान समजू नका. आपली कृती आपली म्हणून ओळखली जावी हा लेखकाचा नैतिक हक्क कलम 57 मध्ये स्वतंत्रपणे आहे आणि हक्क विकल्यावरही तो लेखकाजवळ राहतो.

प्रश्न : मी 23 वर्षांची असून हौशी रंगभूमीवर काम करते. एका दैनंदिन मालिकेत दुय्यम भूमिका मिळाली आहे. 19 पानांचा इंग्रजी करार ईमेलने आला आणि परवा सकाळी सही करून मुंबईत हजर राहा असे सांगितले आहे. त्यात 3 वर्षे दुसरे कोणतेही काम न करण्याची अट आहे, मालिका संपल्यावर आणखी 1 वर्ष दुसऱ्या वाहिनीवर जायचे नाही असे आहे, आणि मी मध्येच सोडले तर 25 लाख रुपये द्यायचे आहेत. घरचे म्हणतात, एवढी संधी आहे तर प्रश्न विचारू नकोस. (जुळे सोलापूर)

उत्तर : घरच्यांची भीती समजू शकतो, पण प्रश्न विचारल्यामुळे भूमिका गेल्याचे उदाहरण मी क्वचितच पाहिले आहे, विचारण्याची पद्धत चुकल्यामुळे मात्र गेलेली पाहिली आहे. निर्मितीसंस्थेने तुमची निवड करण्यात वेळ घातला आहे, चित्रीकरणाचे वेळापत्रक ठरले आहे, आणि सही होईपर्यंत त्यांनाही तुमची गरज आहे. सही झाल्यानंतर ही गरज फक्त तुमच्याकडे उरते.

तीन अटींकडे वेगवेगळे पाहू. मालिका संपल्यानंतरच्या 1 वर्षाच्या बंदीला भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 27 ची आडकाठी आहे; कोणालाही कायदेशीर व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता शून्य असतो. क्रिकेटपटू झहीर खान आणि त्याची व्यवस्थापन कंपनी यांच्या वादात करार संपल्यानंतरही नवा प्रस्ताव आधी जुन्या कंपनीपुढे ठेवावा अशी अट होती, आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कलम 27 च्या विरुद्ध ठरवली. कराराच्या काळातली बंदी मात्र सहसा टिकते. न्यायालय तुम्हाला कॅमेऱ्यासमोर उभे राहायला भाग पाडणार नाही, कारण व्यक्तिगत कौशल्यावर अवलंबून असलेले काम सक्तीने करून घेता येत नाही. पण विशिष्ट साहाय्य अधिनियम, 1963 च्या कलम 42 खाली त्या काळात दुसरीकडे काम करू नये असा मनाईहुकूम देऊ शकते. म्हणून वाटाघाटीचा जोर शेवटच्या वर्षावर न लावता पहिल्या 3 वर्षांवर लावा.

25 लाखांच्या आकड्याने घाबरून जाऊ नका. करार अधिनियमाच्या कलम 74 प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. न्यायालय तिच्या आतली वाजवी भरपाई ठरवते. तरीही खटला चालवायला पैसा आणि वर्षे लागतात, त्यामुळे आकडा उतरवून घेता आला तर आत्ताच उतरवून घ्यावा.

काय मागावे हे स्पष्ट सांगतो. 3 वर्षे बांधून घ्यायचे असेल तर महिन्याला किमान किती दिवसांचे काम, ते आकड्यात लिहून घ्या, आणि काम दिले नाही तरी त्या दिवसांचे पैसे मिळतील असे लिहून घ्या. दुय्यम भूमिकेत हे सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण लेखकाने ते पात्र 2 महिने गावाला पाठवले की पर डे मानधन शून्यावर येते आणि बंदी मात्र जशीच्या तशी राहते. बंदी फक्त इतर दैनंदिन मालिकांपुरती असावी. नाटक, लघुपट, सूत्रसंचालन यांना आगाऊ कळवून परवानगी असावी. हुतात्मा स्मृती मंदिरात तुमच्या संस्थेचा प्रयोग असेल आणि त्यासाठी एनओसी मागत बसावे लागणार असेल, तर ती किती दिवसांत द्यायची आणि वेळेत नकार आला नाही तर ती मिळाली असे धरायचे, एवढे एक वाक्य घालून घ्या. शिफ्ट किती तासांची, सोलापूरहून येण्याजाण्याचा व राहण्याचा खर्च कोणाचा, आणि पैसे किती दिवसांनी, हेही लिहून हवे. मालिकांच्या व्यवसायात 90 दिवसांनी पैसे देण्याचा रिवाज आहे. तो बदलणार नाही, पण हे 90 दिवस चित्रीकरणापासून मोजायचे की बिलापासून, यावर पुष्कळ काही ठरते.

एक कलम नव्याने दिसू लागले आहे, ते तुमच्या करारातही असण्याची शक्यता आहे : आवाज आणि चेहरा “सध्याच्या आणि भविष्यात निघणाऱ्या सर्व तंत्रज्ञानाद्वारे” वापरण्याची मुभा. मुंबई उच्च न्यायालयाने 2024 मध्ये गायक अरिजित सिंह यांच्या आवाजाची कृत्रिम बुद्धिमत्तेने नक्कल करणाऱ्यांना अंतरिम आदेशाने रोखले, पण तिथे परवानगीच नव्हती. तुम्ही लेखी परवानगी देऊन बसलात तर त्या निकालाचा आधार लंगडा पडतो. त्या कलमापुढे “या मालिकेच्या व तिच्या प्रसिद्धीच्या कामापुरतेच, यंत्रनिर्मित नक्कल वगळून” असे शब्द जोडायला सांगा.

हे सर्व एकाच ईमेलमध्ये, नम्र भाषेत, कलमाचा क्रमांक देऊन आणि पर्यायी वाक्य तयार करून पाठवा. फोनवर मान्य झालेले कागदावर येईपर्यंत मान्य झालेले नाही. पाचांपैकी दोन मागण्या मान्य झाल्या तर निराश होऊ नका. त्या दोन कोणत्या असाव्यात हे आधी ठरवून ठेवा. माझ्या मते तुमच्यासाठी किमान दिवस आणि नाटकाची मोकळीक या त्या दोन आहेत. आणि इंग्रजी अडत असेल तर परवा सकाळ ही देवाने ठरवलेली तारीख नाही. वाचण्यासाठी दोन दिवस मागण्यात काहीही गैर नाही.

प्रश्न : आमचा 14 जणांचा ऑर्केस्ट्रा आहे. गणेशोत्सवात एका मंडळाने 80,000 रुपयांना सुपारी दिली, 10,000 रुपये इसार दिला आणि आदल्या संध्याकाळी फोन करून कार्यक्रम रद्द केला. गायिकेला आम्ही बाहेरगावाहून बोलावले होते, साउंडवाल्याला पैसे दिले होते. लेखी काही नाही, सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर ठरले. आता मंडळ इसारही परत मागत आहे. (भवानी पेठ, सोलापूर)

उत्तर : सुपारी घेतली म्हणजे करार झाला. तुमच्या व्यवहाराला स्टँप पेपरवरचा करार असलाच पाहिजे अशी सक्ती नाही. तारीख, जागा, रक्कम आणि होकार एवढे व्हॉट्सअ‍ॅपवर दिसत असेल आणि इसार खात्यात आलेला असेल, तर तो पुरावा चालतो. त्यासाठी भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते, म्हणून तो फोन विकू किंवा बदलू नका. करार अधिनियमाच्या कलम 73 प्रमाणे करार मोडल्यामुळे सरळ झालेले नुकसान मागता येते : गायिकेची बिदागी, प्रवास, साउंडचे भाडे, आणि त्या रात्रीची बुडालेली कमाई. मात्र रद्द झाल्यावर दुसरीकडे कार्यक्रम मिळत होता आणि तुम्ही तो नाकारला असेल, तर तेवढी रक्कम वजा होईल. इसार परत करू नका; तो नुकसानीत धरल्याचे लेखी कळवा.

खरी अडचण वेगळीच आहे. मंडळ नोंदणीकृत नसेल तर कायद्याच्या नजरेत ते कोणी व्यक्तीच नाही, आणि दावा ज्यांनी सुपारी दिली त्या माणसांवरच करावा लागतो. ती माणसे बहुधा तुमच्याच पेठेतली असतात, पुढच्या वर्षी पुन्हा बोलावणार असतात, आणि म्हणूनच असे दावे होत नाहीत. त्यामुळे 10,000 ठेवून घेऊन उरलेल्या प्रत्यक्ष खर्चावर तडजोड करणे हाच मार्ग मला शहाणपणाचा दिसतो.

पुढच्या हंगामासाठी मात्र एक पानाचा छापील नमुना करून घ्या. सुपारी देताना 40 टक्के, आणि उरलेली रक्कम रंगमंचावर चढण्याआधी. कार्यक्रमानंतर हिशेब करू म्हणणाऱ्या मंडळाचा हिशेब विसर्जनाबरोबर जातो. किती दिवस आधी रद्द केल्यास किती रक्कम जप्त, ते टप्प्याने लिहा. पावसाची जबाबदारी लिहा. आणि एक ओळ विसरू नका, जी विसरल्यामुळे भांडणे होतात : ध्वनिप्रदूषण नियम, 2000 प्रमाणे रात्री 10 नंतर खुल्या जागेत ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, शासनाने सवलत दिलेले मोजके दिवस सोडून. आरती, सत्कार आणि पाहुण्यांची भाषणे लांबून तुमचा माइक साडेनऊला हातात आला आणि 10 वाजता पोलिसांनी बंद करायला लावला, तर पूर्ण रक्कम मिळेल असे लिहून घ्या. पोलीस परवानगी आणि गाण्यांचा परवाना ही आयोजकांची जबाबदारी, हेही त्याच पानावर असू द्या. खाली दोन पदाधिकाऱ्यांच्या व्यक्तिशः सह्या घ्या.

प्रश्न : माझ्या 11 वर्षांच्या मुलाला जाहिरातीसाठी निवडले आहे. करारावर त्याची सही घेऊ असे म्हणतात. चालेल का? (पंढरपूर)

उत्तर : नाही. अज्ञान, म्हणजे 18 वर्षांखालील, व्यक्तीचा करार मुळातच शून्य असतो. ब्रिटिश काळातले सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने 1903 मध्ये मोहरीबीबी खटल्यात हे ठरवले आणि तेच आजही लागू आहे. सही पालकाची लागते, आणि ती करताना मुलाने काम न केल्यास तुम्ही स्वतःच्या खिशातून भरपाई द्याल असे वाक्य आत नाही ना, ते पाहा. ज्या जिल्ह्यात चित्रीकरण आहे तिथल्या जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने घ्यायची असते. बालकामगार नियमांप्रमाणे दिवसाला 5 तासांपेक्षा जास्त नाही, विश्रांतीशिवाय सलग 3 तासांपेक्षा जास्त नाही, आणि मुलाच्या उत्पन्नातले किमान 20 टक्के थेट त्याच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जमा झाले पाहिजेत. मुलाची स्वतःची इच्छाही नियमांत आवश्यक मानली आहे, म्हणून आधी त्याला विचारा.

प्रश्न : मी होटगी रोडवर व्हिडिओ एडिटिंग करतो. एका निर्मात्याकडे 1,40,000 रुपये 8 महिने अडकले आहेत. करारात वाद मुंबईत आणि निर्माता नेमेल त्या लवादापुढे असे लिहिले आहे. एवढ्या पैशासाठी मुंबईच्या फेऱ्या कशा करायच्या? (सोलापूर)

उत्तर : वादातल्या एका पक्षाने एकट्याने नेमलेला लवाद निःपक्ष धरता येत नाही, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये स्पष्ट केली आहे, त्या नेमणुकीला तुम्ही लेखी हरकत घेऊ शकता, आणि लेखी संमती मात्र चुकूनही देऊ नका. पण त्याआधी एक सोपी वाट तपासा. काम सुरू होण्यापूर्वीच तुमची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) झालेली असेल, तर सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, 2006 प्रमाणे निर्मात्याने जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायला हवे होते. त्यापुढे बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. तक्रार अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सरकारी फॅसिलिटेशन कौन्सिलकडे ऑनलाइन करता येते आणि ती तुमच्या ठिकाणाहून दाखल होते, त्यामुळे निदान सुरुवातीला तरी सिद्धेश्वर एक्स्प्रेसचे तिकीट काढावे लागणार नाही. थकबाकी आणि व्याजाचा हिशेब मांडून निर्मात्याला एक पत्र पाठवा. व्याजाचा आकडा समोर आल्यावर पुष्कळांना अचानक पैसे सापडतात.

नोंदणी नसेल तर ती आजच करा, ती विनामूल्य आहे, पण जुन्या कामाला तिचा उपयोग होणार नाही. त्या 1,40,000 साठी वकिलाची नोटीस आणि दिवाणी दावा हाच रस्ता उरतो, आणि करारातले लवादाचे कलम तिथे आडवे येईल हे गृहीत धरून चला. तयार प्रकल्पाची मूळ फाइल अजून तुमच्याकडे असेल तर ती कोणत्या अटीवर द्यायची असे करारात ठरले होते, ते मला कळवा. पत्रात तुम्ही ते पान जोडलेले नाही.